शाळेचा चार्ज आला, पुढारपण कुठून आणू?

सुरंगी | १४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कोकणात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते पाचवी, पट १७. माझ्याबरोबरचे सर अकरा वर्षं इथे होते. त्यांची आंतरजिल्हा बदली झाली आणि मे महिन्यात ते कार्यमुक्त होऊन आपल्या गावाकडे गेले. (तक्रार नाही. बायको-मुलं तिकडे, आईवडील तिकडे. माणसाने किती वर्षं एकट्याने भात शिजवून खायचा?) त्यांच्या जागी पवित्र पोर्टलवरून (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ) निवड झालेला शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेला शिक्षक, आलाय. चोवीस वर्षांचा, विदर्भातला, इथला पाऊस बघून दोन दिवस गप्पच होता. म्हणजे शाळेत ज्येष्ठ मी, आणि चार्ज माझ्याकडे.

सरांनी जाताना किल्ल्यांचा जुडगा दिला. चौदा किल्ल्या. अकरा कुठल्या ते सांगितलं, उरलेल्या तीन कशाच्या ते त्यांनाही माहीत नाही. त्यांना आधीच्या गुरुजींनी तशाच दिल्या होत्या. म्हणाले, "असू देत, जुडगा भरल्यासारखा वाटतो."

दोन वर्षांपूर्वी तालुक्याला शालेय नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं होतं. पडद्यावर उडणारे बगळे, हिमनग, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली माणसं. सुलभक मॅडम मनापासून बोलत होत्या, पण माझं अर्धं लक्ष 'आज शाळेत पाचही वर्ग एकटे सर कसे सांभाळत असतील' यातच. परवा ती वही सापडली. त्यात एक वाक्य आहे, 'प्रत्येक शिक्षक हा नेता असतो.' त्याखाली मीच पेन्सिलीने लिहिलंय, 'कोणाचा?'

तर इथल्या शिक्षकांना आणि पालकांनाही विचारते. खुर्ची नसताना शाळा पुढे नेणारा शिक्षक तुम्ही जवळून बघितलाय का? त्याने नेमकं काय केलं? बगळे नकोत.

---

निवृत्त_खडू | १५ जून, सकाळी ६:१५

मॅडम, पुढारपणाचं नंतर बघू. आधी चार्ज यादीवर सही करण्यापूर्वी सगळं मोजून घ्या. मी माध्यमिकला मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि चार्जच्या कागदाने झोप उडालेली माणसं पाहिली आहेत. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) पानं मोजून घ्या. डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाची यादी, वस्तू समोर ठेवून तपासा. पोषण आहाराचा तांदूळ वजन करून घ्या, नुसती नोंदवही बघून नाही. पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे तुमच्या सतरा जणांचा दिवसाला १ किलो ७०० ग्रॅम. त्या हिशेबाने पोतं किती दिवस जायला हवं ते तुम्हीच काढा. व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावर सचिव म्हणून सही बदलून घ्या, नाहीतर डिसेंबरपर्यंत खडूही स्वतःच्या पैशाने आणाल.

आणखी एक. तुम्ही मुख्याध्यापक नाही, प्रभारी आहात. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, आणि मुख्याध्यापक १५० च्या वर पट गेला तर. राज्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा अशा चार्जवरच चालतात. तेव्हा बिचकू नका.

आता तुमचा प्रश्न. आमच्याकडे गणिताचे एक सर होते. नाव लिहीत नाही. ज्येष्ठता यादीत ते इतके खाली, की पर्यवेक्षकपदसुद्धा त्यांच्या वाट्याला येणार नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मी तेव्हा नवीन. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाले, "तुमचा पुढचा तास मोकळा आहे ना? माझ्या आठवी ब मध्ये मागच्या बाकावर बसा. मी काय बोलतो ते लिहू नका. पोरं काय बोलतात तेवढंच लिहा, नावासकट."

ऋण संख्या चालल्या होत्या. बसलो आणि लिहीत गेलो. वर्गात बावन्न मुलं. पस्तीस मिनिटांत बोलली सहा. त्यातली चार पहिल्या दोन बाकांवरची. एका मुलाने उणे तीन आणि उणे पाच यांत उणे पाच मोठी असं सांगितलं, सरांनी "बस खाली" म्हटलं आणि पुढच्याला विचारलं. तेही मी लिहिलं, जरा भीतभीतच. तास संपल्यावर त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला. म्हणाले, "याला बसवायला नको होतं. उणे पाच मोठी का वाटली ते विचारायला हवं होतं." मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "आता तुमच्या वर्गात कधी येऊ?"

त्या हिवाळ्यात आम्ही सातजण असे एकमेकांच्या वर्गात बसत होतो. ना नोंद, ना सही. तोपर्यंत वर्गात दुसरा शिक्षक येऊन बसायचा तो फक्त तपासणीला, त्यामुळे दार लोटून घ्यायची सवय. ती सवय या माणसाने मोडली, आणि स्वतःचा वर्ग आधी उघडा टाकून मोडली.

पुढे काय झालं तेही सांगतो. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या कानावर गेलं. ते खूश झाले. त्यांनी 'परस्पर पाठ निरीक्षण प्रपत्र' छापून आणलं, प्रत्येकाने महिन्याला चार भरून द्यायची. दीड महिन्यात सगळे घरी बसून प्रपत्रं भरायला लागले. मुख्याध्यापक झाल्यावर मीही ती जमा करून फायलीला लावलेली आहेत, हे कबूल करतो.

---

रिकामटेकडा | १५ जून, सकाळी ९:४०

निवृत्त_खडू, छान लिहिलंय. पण एक कडू प्रश्न विचारू का? त्या सरांना त्याचे किती पैसे मिळाले?

मी शिक्षक नाही, घरात दोन आहेत. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. प्रशिक्षण केलंय का, सेवा किती झाली, एवढं बघतात. वर्गाचं दार उघडं ठेवलं म्हणून कोणाला श्रेणी मिळाल्याचं ऐकलं नाही. आणि निवड श्रेणीसाठी लोक वर्षानुवर्षं ताटकळतात ते वेगळंच. तेव्हा 'शिक्षकाचं नेतृत्व' याचा माझ्यापुरता अर्थ बिनपगारी जादा काम. वर यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, आधार जुळवणी, निवडणूक, बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावू नका म्हणतं. आता त्या तीन दारांतून काय काय आत येतं ते शिक्षकांनाच विचारा.

सुरंगी, तुम्ही आधी घरी वेळेवर जाता का ते बघा.

---

बालाघाट | १५ जून, दुपारी १:०५

रिकामटेकडा यांचं म्हणणं खोटं नाही. पण पैशाने मोजता न येणारं एक काम मी दरवर्षी बघतो, ते सांगतो.

मी बीड जिल्ह्यात. आमच्या गावातून दसरा झाला की ऊसतोडीला गाड्या लागतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि पोरं बरोबर. पट कागदावर एक आणि वर्गात निम्मा. यावर शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं आणि दोन वेळचं जेवण शाळेकडे. योजना चांगली आहे, पण मूल गावात राहिलं तर ना!

आमच्या शाळेतल्या एक बाई (मुख्याध्यापक नाहीत, ज्येष्ठही नाहीत) नवरात्रातच वही घेऊन फिरायला लागतात. गाडी लागल्यावर जाऊन उपयोग नसतो, तोवर भांडी बांधलेली असतात. त्यांनी एक गोष्ट ओळखली जी आम्हा पुरुषमंडळींना कधी सुचली नाही. दहा-अकरा वर्षांची मुलगी फडात जाते ती ऊस तोडायला नाही, धाकट्या भावंडाला सांभाळायला. म्हणजे मुलीची शाळा सुटते ती तान्ह्या बाळामुळे. मग बाईंनी मुलीबद्दल बोलणं सोडलं आणि बाळाबद्दल बोलायला लागल्या. कोणाची चुलती घरी राहणार आहे, कोणाची आजी धडधाकट आहे, अंगणवाडीच्या ताई किती वेळ बघू शकतील. एका घरी आजी म्हणाली, "मला दिसत न्हाई, पोर चुलीकडं गेली तर?" बाईंनी गावातल्याच एकाला सांगून चुलीसमोर फळीचं आडवं दार करून घेतलं. मुलगी राहिली. आता ती सातवीला आहे.

सरसकट सगळी राहतात असं नाही. गेल्या हंगामात मोजून अकरा राहिली, बाकीची गेली. पण जी गेली त्यांची शिक्षण हमी कार्डंही बाईच भरून देतात, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. मुख्याध्यापक सह्या करतात. भला माणूस आहे, अडवत नाही. आमच्याकडे न अडवणारा मुख्याध्यापक हेसुद्धा नशीब समजतात.

---

अबोली_१२ | १५ जून, दुपारी २:२०

बालाघाट, चुलीचं दार वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाचतेय. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

माणदेशी_मास्तर | १५ जून, रात्री ९:३१

कुमठे बीटाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मग मीच लिहितो, थोडं लांबेल.

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी चाळीसेक शाळांतल्या शिक्षकांना घेऊन ज्ञानरचनावादाने, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकावं अशा पद्धतीने, शिकवायला सुरुवात केली. विस्तार अधिकारी म्हणजे आमच्यासाठी शेरेबुकात लाल शाईने लिहिणारी व्यक्ती. इथे त्या बाई वर्गात खाली बसून मुलांशी खेळत होत्या. पहिली-दुसरीची पोरं गठ्ठे-सुटे (दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या) घेऊन तीन अंकी संख्या वाचत होती. फरशीवर आखणी, हातात काड्या, मणी, चिंचोके. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. त्यात मीही होतो.

तिथे मला हलवून टाकलं ते फरशीने नाही. एका वर्गात शिक्षिका कुठे आहे तेच कळेना! गटागटाने पोरं बसलेली, आणि बाई एका गटात मांडी घालून. आम्ही पंचवीस-तीस पाहुणे दारात, तरी पोरांनी मान वर केली नाही. मी एका शिक्षिकेला विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तर म्हणाल्या, "शेजारच्या शाळेतल्या सरांनी. मला आधी पटतच नव्हतं, ते चार वेळा येऊन माझ्याच वर्गात शिकवून गेले."

चार वेळा येऊन. माझ्या लेखी हेच ते. पटत नसलेल्या माणसाच्या वर्गात जाऊन, त्याची पोरं घेऊन, त्याच्यादेखत शिकवून दाखवणं. फसलं तर त्याच्यासमोरच फसणार.

मग २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि ते वारं राज्यभर गेलं. हेतू चांगलाच होता, अनेक शाळा खरोखर बदलल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण खालपर्यंत येता येता आमच्या भागात निरोप एवढाच उरला, 'फरशा रंगवा.' लोकवर्गणीतून ऑइलपेंट आणला, पेंटर बोलावला, आठवड्यात वर्गाची जमीन चक्रव्यूहासारखी झाली. अधिकारी आले की फरशी बघायचे. एका शाळेत मी स्वतः पाहिलंय, रंग खराब होऊ नये म्हणून त्यावर सतरंजी अंथरलेली आणि पोरं सतरंजीवर पाटी घेऊन उजळणी म्हणतायत.

निवृत्त_खडू यांचं प्रपत्र आणि आमची सतरंजी भाऊ-भाऊच.

---

रिकामटेकडा | १५ जून, रात्री ९:५८

सतरंजी!! साष्टांग दंडवत.

---

टेम्सकाठ | १६ जून, पहाटे ३:१० (माझ्याकडे रात्र आहे)

मी इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आधी नाशिकला सहा वर्षं शिकवलं. रिकामटेकडा यांच्या पैशाच्या मुद्द्यावर लिहिते.

इथे जबाबदारी घेतली की 'टीएलआर' नावाचा वेगळा भत्ता मिळतो. विषयाची प्रमुख, इयत्तेची प्रमुख, अशी पदं असतात. मुख्याध्यापक व्हायचं नसेल तरी वर्गात राहून पुढे जायची वाट आहे. नव्या शिक्षकाला २०२१ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षं मेंटर मिळतो आणि त्याच्या तासिका पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के कमी असतात. मी सध्या एका नव्या मुलाची मेंटर आहे. आठवड्यातून एकदा आम्ही समोरासमोर बसतो आणि तो वेळ वेळापत्रकात छापलेला असतो. नाशिकला मला पहिल्या वर्षी मिळालं होतं ते म्हणजे टाचण वही आणि "नववी क जरा दंगेखोर आहे हं."

पण इथे सगळं सोन्याचं नाही. पद आलं की त्याच्यामागे आकडे येतात. गेल्या वर्षी विषयप्रमुखाच्या जागी तात्पुरती होते, तर माझा अर्धा वेळ इतरांच्या वर्गांचे निकाल रंगीत चौकटींत भरण्यात गेला. लाल, पिवळा, हिरवा. बाकीचे शिक्षक मला बघून बोलायचे थांबायला लागले. आधी मीच त्यांच्यात बसून चहा पीत होते. वर्षाअखेर जागा कायम करून मिळत होती, मी नको म्हटलं. मेंटर राहिले.

---

माणदेशी_मास्तर | १६ जून, सकाळी ७:०२

म्हणजे सतरंजी तिकडेही आहे तर.

---

पाटाचं_पाणी | १६ जून, सकाळी ११:१५

मी शिक्षक नाही, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. शेती करतो. पालकाच्या बाजूने लिहितो.

कायद्याने समितीत ७५ टक्के पालक लागतात, निम्म्या बायका लागतात. आमच्याकडेही होत्या, कागदावर. सभेचा ठराव आधी लिहिलेला असायचा, शिपाई वही घेऊन शेतावर यायचा, बांधावर सही करायची. मी दोन वर्षं अशाच सह्या केल्या.

मग एक गुरुजी बदलून आले. पहिल्या सभेत त्यांनी काय केलं, तर पासबुक काढलं आणि मोठ्याने वाचलं. अमुक तारखेला एवढे आले, अमुक तारखेला एवढे काढले, ते अमुक कामाला. शेवटी शिल्लक वाचली आणि गप्प बसले. कोणीच काही बोलेना. मग एक म्हातारी, नातीला सोडायला आलेली, समितीत नव्हतीच, ती म्हणाली, "मग पोरींच्या संडासाला कडी का न्हाई बसत एवढ्या पैशात?" गुरुजींनी तिथल्या तिथे तो पहिला विषय म्हणून लिहून घेतला.

कडी बसली दुसऱ्या दिवशी. ऐंशी-नव्वद रुपयांचं काम. पण त्यानंतर सभेला माणसं यायला लागली. पुढच्या वर्षी कुंपणाला गावाने श्रमदान केलं, ते गुरुजींनी मागितलंसुद्धा नव्हतं.

सुरंगीताई, तुमचा अध्यक्ष बांधावर सह्या करणारा असेल तर त्याला दोष देऊ नका. त्याला कोणी पासबुक वाचून दाखवलेलं नसतं.

---

कडुनिंब | १६ जून, दुपारी ४:४४

एवढी चर्चा झाली आणि डिसले गुरुजींचं नाव नाही? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. किंवा खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा घ्या, दत्तात्रय वारे गुरुजींची. २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार तिला मिळाला. नेतृत्व म्हणजे हे. बाकी कडी आणि चुलीचं दार ठीक आहे.

---

माणदेशी_मास्तर | १६ जून, संध्याकाळी ६:२०

कडुनिंब, दोघांबद्दल आदरच आहे. पण डिसले सरांचं मोठेपण माझ्यासाठी डॉलरमध्ये नाही. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवायची कल्पना त्यांनी आधी आपल्या शाळेत राबवली, आणि पुढे ती बालभारतीच्या पुस्तकांत छापून आली. आज माझ्या वर्गातलं पोरगंही मोबाइल लावून तो कोड उघडतं, त्याला परितेवाडी कुठे आहे ते ठाऊक नाही. जालिंदरनगरलाही मला भावतं ते हे, की मोठी पोरं लहान पोरांना शिकवतात.

तुमचं 'ठीक आहे' मात्र खटकलं. पुरस्कार मिळाल्यावर ती शाळा बघायला बस जाते. चुलीचं दार बघायला कोण जाणार?

---

निवृत्त_खडू | १६ जून, रात्री ८:०५

यावरून अनुताई वाघ आठवल्या. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं तेव्हा अनुताई मदतनीस म्हणून आल्या. नाव ताराबाईंचं, आणि ते योग्यच होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, यातून 'अंगणवाडी' आली. पुढे कोसबाडला, गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तर कुरणातच शाळा. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. तो शब्द बोलताना कोणाला आठवत नाही की त्यामागे आदिवासी पाड्यांवर चालत जाणाऱ्या दोन शिक्षिका होत्या, आणि त्यातली एक आयुष्याचा मोठा काळ दुसऱ्या क्रमांकावर होती.

---

कडुनिंब | १६ जून, रात्री ८:३०

'ठीक आहे' मागे घेतो. हाय काय अन् नाय काय.

---

सुरंगी | २४ ऑगस्ट, रात्री ९:१८

मंडळी, धागा वर काढतेय. जूनमध्ये सगळं वाचलं, काही उत्तरं दोनदा वाचली, आणि मग लावणी, पाऊस, माहिती भरणं यात अडकले. रिकामटेकडा, घरी वेळेवर जात नाही. काय झालं ते सांगते.

तांदूळ मोजला. चार किलो कमी निघाला, सरांना फोन केला, ते हसले आणि म्हणाले, "उंदीर धरून लिहा." तसं लिहिता येत नाही हे दोघांनाही माहीत होतं. तो विषय मिटवला, कसा ते विचारू नका.

पासबुक वाचलं. आमच्याकडे म्हातारी बोलली नाही, सगळे चहा पिऊन गेले. पुढच्या सभेला परत वाचणार आहे.

मुख्य गोष्ट वेगळीच घडली. तिसरीतल्या एका मुलाच्या वहीत बेचाळीस वजा सतरा बरोबर पस्तीस असं होतं. मी नेहमीप्रमाणे लाल फुली मारून पुढे जाणार, तर आमचा शिक्षणसेवक म्हणाला, "मॅडम, थांबा ना जरा. विचारू काय त्याला?" त्याने मुलाला जवळ घेतलं. "हे कसं केलंस, सांग बरं." मुलगा म्हणाला, "दोनातून सात जात नाय, म्हणून सातातून दोन काढले." त्याचं त्याला अगदी बरोबर होतं. मग शिक्षणसेवकाने दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि सतरा मागितल्या. मुलगा बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत बसला. आम्ही दोघंही गप्प. मला सांगून टाकायची इतकी घाई झाली होती की मी हात पाठीमागे धरले. शेवटी त्याने एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

बावीस वर्षं मी ही वजाबाकी शिकवतेय. 'दोनातून सात जात नाही' हे वाक्यही माझंच, वर्गात रोज म्हणते.

या चोवीस वर्षांच्या पोराला (म्हणजे नव्या सरांना!) महिन्याला सोळा हजार मिळतात, त्यातूनच खोलीभाडं जातं. मी त्याला म्हटलं, तुम्ही हे माझ्या चौथीलाही करून दाखवा, मी मागे बसून लिहिते. निवृत्त_खडू, तुमच्यासारखंच लिहिलं, नावासकट. मग त्याने माझा वर्ग लिहिला. आमच्या १७ मुलांतसुद्धा न बोलणारी चार निघाली हो.

हे मी फोनवर शेजारच्या वाडीतल्या बाईंना सांगितलं. त्यांची शाळाही दोघांचीच. आता शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन शाळांचे आम्ही चौघं एकत्र बसतो, एकदा इथे, एकदा तिथे. येताना प्रत्येकाने एक चुकलेली वही आणायची. बरोबर आलेली चालत नाही.

मागच्या शनिवारी केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) साहेबांचा फोन. कुठून कळलं कोण जाणे. चांगले आहेत ते, खूश झाले. म्हणाले, "मॅडम, छान उपक्रम आहे, फोटो आणि एक पानी अहवाल पाठवा, शिक्षण परिषदेत, केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, मांडू, सगळ्या केंद्राला लावू." माझ्या डोळ्यांपुढे सतरंजी आली. मी म्हटलं, "साहेब, उपक्रम कसला, आम्ही चहाला बसतो. तुम्ही या ना एकदा. येताना एक चुकलेली वही घेऊन या." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "माझ्याकडे आता वर्ग कुठे आहे?"

येतो म्हणालेत. बघू.

---

माणदेशी_मास्तर | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

फोटो पाठवू नका म्हणजे झालं.

---

टेम्सकाठ | २५ ऑगस्ट, पहाटे २:२५

चुकलेली वही आणायची, हे मी उचलतेय. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात नवं वर्ष सुरू होतंय. चौकटी न रंगवता करून बघते.

---

बालाघाट | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१२

आमच्या बाईंना तुमचा धागा वाचून दाखवला. म्हणाल्या, नवरात्र जवळ येतंय, तेवढं बघा. यादीला लागल्या पण.

---

निवृत्त_खडू | २५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मॅडम, त्या तीन किल्ल्यांचं काय झालं?

---

सुरंगी | २५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

एक जुन्या खोलीच्या दाराची निघाली. ती खोली गेल्या पावसात पडली. बाकीच्या दोन जुडग्यात तशाच आहेत.